मुरडीच्या सहा करंज्या

“माझा उपवास आहे,” आई म्हणाली, आणि समोरची ताटली तिनं दोन बोटांनी पुढं सरकवली.

ताटलीत पोहे होते, पोह्यांवर ओलं खोबरं, आणि कडेला दोन टपोऱ्या मैद्याच्या करंज्या. सासवडच्या अलीकडं गेनबा कामथ्यांची अंजिराची बाग होती, त्या बागेतल्या घराच्या ओसरीवर आम्ही चौघं बसलो होतो. मी, आई, स्वतः गेनबा आणि त्यांची विधवा बहीण बायजाआत्या. जिला बघायला आम्ही भोरहून दोन गाड्या बदलून आलो होतो, ती गेनबांची मुलगी मथुरा ताटल्या ठेवून नुकतीच आत गेली होती. आईचे शब्द ऐकून दाराआड दिसणारा मथुरेचा पदर हलायचा थांबला.

“उपवास? शनिवारी?” बायजाआत्यांनी विचारलं.

“नवसाचा. याचं लग्न जमेपर्यंत धरलाय.”

मी आईकडं बघितलं. सकाळी निघताना तिनं माझ्यासमोर बसून दीड भाकरी आणि पिठलं खाल्लं होतं. वर गाडीत मळमळेल म्हणून लोणच्याची फोड चोखली होती. चेहरा मात्र असा की चार शनिवार पाण्याचा थेंब घेतला नसावा.

माझं नाव हरिश्चंद्र. आईवडिलांनी ते मला बोलता यायच्या आधी ठेवलं, त्यामुळं त्यांचा काही दोष नाही. मी शिलाई मशिनं दुरुस्त करत गावोगाव सायकलवरून फिरायचो आणि मशिनाबरोबर एखादी गोष्टही दुरुस्त करून द्यायचो. एका शिंप्याच्या मशिनाच्या पोटातून कोंबडीचं जिवंत पिल्लू निघालं आणि त्यानं जाताना बॉबिन गिळलं, ही माझी त्या काळातली सगळ्यात लहान थाप. पण आमच्या घरात थापा मी मारायच्या आणि आईनं कपाळाला हात लावायचा, अशी वाटणी होती. आईला खोटं बोलताना मी त्या दिवशी प्रथम बघितलं, आणि धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचं काम चटकन कळतं तसं मला कळलं, की काम उत्तम आहे.

कळलं आणि मी घाबरलो. कारण आमच्या भागात मुलीच्या घरी जाऊन अन्नाला हात न लावणं म्हणजे नकार. तोंडानं काही बोलायची गरज नाही. आधी बघितलेल्या अकरा मुलींच्या घरी आईनं निदान पोहे तरी खाल्ले होते आणि नकार घरी येऊन दिला होता. (अकरा हा माझा आकडा. आमच्या घरातलं एक माणूस माझे सगळे आकडे खाली आणतं, त्याच्या मते सहा.) या बाराव्या घरी तिनं ताटलीच सरकवली होती.

आणि मला ही बारावी हवी होती. दुसरी कुठलीही नको होती.

का, ते सांगतो. गाडीतून उतरून आम्ही बागेच्या फाटकाशी आलो, तेव्हा आई चपलेतला खडा काढायला मागं थांबली होती. फाटकाआत एक मुलगी पाटीत अंजिरं भरत होती. खाली पानं, मग अंजिरांचा थर, परत पानं. पिकलेलं अंजीर किती नाजूक असतं तुम्हाला ठाऊक आहे, नुसतं बघितलं तरी त्याच्यावर डाग पडतो. ती ते असं उचलत होती की अंजिराला आपण झाडावरून खाली आल्याचं कळू नये. मला राहवलं नाही. मी घसा साफ करून म्हणालो, “मी सरकारी अंजीर तपासनीस. बागेची पाहणी करायची आहे.”

तिनं वर बघितलं. चेहऱ्याकडं नाही, माझ्या हातांकडं.

“सरकार तपासनिसांच्या नखांना मशिनचं तेल लावून पाठवतं का?” ती म्हणाली आणि परत पाटीत वाकली.

एवढंच. पण माझी थाप दीड पळात पकडणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. भोरमध्ये लोकांना निदान दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ लागायचा. मघाशी तीच मुलगी नव्या लुगड्यात पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा माझं ठरून गेलं होतं. आणि आता आईनं ताटली सरकवली होती.

गेनबा साधा माणूस. ते हडबडले.

“मग केळी देऊ?”

“केळ्यानं मला कफ होतो.”

“दूध तरी घ्या. आमच्या म्हशीचं आहे.”

“दूध पचत नाही.”

“वरीचा भात टाकते पटकन,” आत्या म्हणाल्या.

“वरीनं पित्त होतं हो मला.”

साबुदाणा भिजवलेला नव्हता. गेनबांनी शेवटी हात जोडल्यासारखे करून म्हटलं, “आमच्या बागेतली दोन अंजिरं तरी. तोंड गोड केल्याशिवाय तुम्हाला कसं पाठवू?”

“कच्च्या फळानं दात शिवशिवतात,” आई म्हणाली. आवाजात असं दुःख, की दातांना स्वतःलाच वाईट वाटावं.

तेवढ्यात दाराआडून मथुरेचा आवाज आला. “राजगिऱ्याच्या पिठात अंजीर भरून गरमगरम करंज्या तळल्या, तर चालतील का त्यांना?”

बायजाआत्यांनी मान अशी गर्रकन वळवली की मला वाटलं, ती आता पूर्ण फिरून परत जागेवर येणार.

आईनं जरा विचार केल्यासारखं केलं. “गरम असतील तर बघू,” ती म्हणाली. आणि लगेच उठली. “तोवर आम्हाला बाग दाखवा. बायजाबाई, तुम्हीपण चला. मी एकटी बाईमाणूस गेनबांशी काय बोलणार?”

“पण चुलीपाशी कुणीतरी—” आत्या म्हणाल्या.

“मुलगी आहे की.”

मीही उठलो, तर आई म्हणाली, “तू बस हरी. तुला उन्हानं डोकं दुखतं.”

वर्षातले दहा महिने मी उन्हातान्हात सायकल हाणत होतो. पण आज आई ज्या तारेत होती, तिच्या मधे पडण्यात अर्थ नव्हता. मी बसलो. ती तिघं अंजिरांच्या रांगेत दिसेनाशी झाली.

मनाशी मी हिशेब मांडला. आईला नाही म्हणायचंय. बागेतून येईल, म्हणेल चक्कर येतेय, आणि आम्ही चालू लागू. पण या घरातला एक घास जरी तिच्या पोटात गेला, तर मला घरी भांडायला जागा मिळेल. म्हणजे सगळं त्या करंज्यांवर आलं. तेवढ्यात आत भांडं पडलं. मग पिठाचा डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही. स्वयंपाकघरातून काहीच आवाज न येणं हे भांडं पडण्यापेक्षा वाईट.

मी उठलो आणि आत गेलो.

मथुरा चुलीपुढं उकिडवी बसली होती. परातीत राजगिऱ्याचं पीठ, त्याच्यात पाणी, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात जमलेलं नव्हतं.

“तुम्ही बाहेर जावा,” ती म्हणाली. “कुणी बघितलं तर माझं नाव जाईल.”

“मी हात धुवायला आलोय.”

“मोरी अंगणात आहे.”

“करंज्या कधी केल्यात का?”

तिनं पिठात बोट फिरवलं. “खाल्ल्यात.”

“मग म्हणालात कशाला?”

“कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. अण्णांचं तोंड बघवत नव्हतं.” मग जरा थांबून म्हणाली, “आत्या मला चुलीपाशी येऊच देत नाही. माझा दिवस बागेत जातो. मघाचे पोहे आणि करंज्या आत्याच्या होत्या. मला म्हणायला सांगितलं होतं, मी केल्यात.”

“ते सगळीकडंच म्हणतात.”

“म्हणून काय झालं?”

मी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. “सरका जरा. मी दोन वर्षं एका संस्थानाच्या मुदपाकखान्यात होतो. महाराजांच्या एकादशीला आम्ही बावन्न प्रकारच्या करंज्या तळायचो. एकीत तर हत्तीच्या—”

“फाटकापाशी तुम्ही सरकारी तपासनीस होता.”

“ते त्याच्यानंतर.”

ती हसली नाही. नुसती बघत राहिली. आणि का कोण जाणे, मी खरं बोललो. “आईला लेक नाही. दिवाळीत ती लाटते आणि मुरड मी घालतो. आठ वर्षांचा असल्यापासून. मित्रांना माहीत नाही.”

“हे खरं दिसतंय,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“हे सांगताना तुम्ही खाली बघितलंत.”

आणि ती सरकली.

मग आम्ही जे केलं ते तुम्हाला सांगून ठेवतो, कधी उपासाच्या दिवशी पाहुणे आले तर उपयोगी पडेल. आठदहा पिकलेली अंजिरं तिनं सोलली. सोललं म्हणण्यापेक्षा अंजिरांनी तिच्यासाठी स्वतःच सालं उतरवली. ती पितळीत बोटांनी मोडली, त्यात गुळाचा खडा, मूठभर ओलं खोबरं आणि चमचाभर तूप घालून चुलीवर धरली. पाणी आटेपर्यंत हलवायचं, बास. वेलदोडा घालायचा म्हणाल्यावर तिनं विचारलं, “नवसाला चालतो का?” मी म्हणालो, “हा जो नवस आहे, त्याला काहीही चालतं.” ती माझ्याकडं एकदा बघून वेलदोडा ठेचू लागली.

पीठ माझ्याकडं. राजगिऱ्याला चिकटपणा नसतो. गव्हाचं पीठ हात धरून राहतं, राजगिरा हात सोडून देतो. कोपऱ्यात संध्याकाळच्या भाजीचे उकडलेले बटाटे होते, त्यातले दोन मी कुस्करून पिठात मळले, वर तुपाचा हात. गोळा झाला. पोळपाटावर लाटायला गेलो तर चिरला, म्हणून केळीच्या पानावर बोटांनी पुऱ्या थापल्या. सहा तिच्यापुढं, सहा माझ्यापुढं.

तिनं सारण ठेवलं, पुरी दुमडली, कड बोटानं दाबली आणि बाजूला ठेवली. झाली. मी मात्र मुरड घालायला बसलो. कडेचं टोक चिमटीत धरायचं, आत दुमडायचं, पुढचं टोक त्याच्यावर, असं करत वेणी घातल्यासारखं टोकापर्यंत जायचं.

“कशाला एवढं?” ती म्हणाली. “दाबली की बंद होते.”

“मुरडीशिवाय करंजी म्हणजे बिनमिशांचा फौजदार.”

“तिथं बघा, चिरतीय.”

खरंच बारीकशी चीर गेली होती. मी पाण्याचं बोट फिरवलं आणि ती बुजवली. दुसरी पण चिरली, तिच्यावरही बोट फिरवलं. माझ्या सहा झाल्या, तेव्हा तिच्या सहा होऊन तिनं कढईत तूप चढवलं होतं. माझ्या करंज्यांची ओळ बघून मी स्वतःच खूश झालो. अशा मुरडी आईच्या हातालासुद्धा जमल्या नसत्या.

“एक विचारू?” ती कढईकडं बघत म्हणाली. “तुमच्या आईंनी ताटली सरकवली म्हणजे नाहीच ना?”

“म्हणून तर या करंज्या,” मी म्हणालो.

“तुम्हाला काय त्याचं? आणखी बघाल दहा.”

मी तोंड उघडलं. तीन सुंदर थापा जिभेवर तयार होत्या. पण तिच्यापुढं त्या चालणार नाहीत हे कळून चुकलं होतं. “मला आणखी बघायच्या नाहीत,” मी म्हणालो, आणि परत खाली बघितलं.

बाहेर आत्यांचा आवाज आला. मी परसदारानं निसटलो, घराला वळसा घालून ओसरीवर आलो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला शनिवार फार मन लावून बघत उभा राहिलो.

आत्या थेट आत जायला निघाल्या, पण आईनं त्यांचा हात धरला. “बसा हो बायजाबाई, एवढं चालून आलात.” मग अंजिराच्या खोडकिड्यावर आई जे बोलायला लागली ते थांबेना. भोरला आमच्या दारात एक तुळस आणि एक अळू, एवढीच शेती. तरी गेनबा माना डोलवत होते. आतून तळणीचा चर्र आवाज आला. थांबला. मग बराच वेळ काही नाही. परत चर्र आवाज झाला. तुपात शिजलेल्या अंजिराचा वास ओसरीभर पसरला, आणि मथुरा ताट घेऊन बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला पीठ लागलेलं होतं.

ताटात बारा करंज्या. सहा साध्या, सहा मुरडीच्या. सगळ्या तांबूस, सगळ्या शाबूत.

आईनं एक साधी उचलली, मोडली, फुंकर घालून खाल्ली. मग एक मुरडीची. ती तोंडाजवळ नेताना तिनं उजेडाकडं धरली आणि कडेवरून नजर फिरवली. मग तीही खाल्ली, सगळी. माझा जीव भांड्यात पडला. घास पोटात गेला होता.

“कुणी केल्या?” आईनं विचारलं.

“कुणी म्हणजे काय?” बायजाआत्या म्हणाल्या. “आमच्या मथुरेनंच. सगळ्याच्या सगळ्या.”

हे वाक्य मी तोवर अकरा घरांत ऐकलं होतं. त्याच्यावर मुलीनं खाली बघायचं असतं आणि विषय संपतो. मथुरेनं वर बघितलं.

“सहा मी केल्यात,” ती म्हणाली. “मुरडीच्या सहा यांनी.”

ओसरीवर एवढी शांतता झाली की बागेत एक अंजीर गळून पडलं ते मी ऐकलं. (हेही त्या माणसाला मान्य नाही, पण मी ऐकलं.) मुलगी बघायला आलेला परका पुरुष, घरात कुणी नसताना चुलीपाशी. गेनबा माझ्याकडं बघत होते, त्यांना राग आला होता की नाही हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. आत्यांनी “अगं बाई” एवढंच म्हणून पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं. घास पोटात गेला, पण हिनं तो परत बाहेर काढला. एवढं खरं कशाला बोलायचं माणसानं?

आईनं ताटातली आणखी एक मुरडीची करंजी उचलली, परत तिची कड बघितली, मथुरेच्या हाताकडं बघितलं, आणि म्हणाली, “बरं.”

तेवढंच. आम्ही उठलो. निघताना आत्यांनी कसल्यातरी कागदात काहीतरी बांधून आईच्या पिशवीत घातलं.

गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. नारायणपूर गेलं, घाट आला आणि गेला. कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या गाडीची वाट बघत आम्ही झाडाखाली बसलो, तेव्हा तिनं पिशवीतली पुडी सोडली. आत आत्यांच्या मैद्याच्या चार करंज्या होत्या. तिनं एक उचलली आणि कुडुम आवाज करून खाल्ली.

“आत्याचा हात चांगला आहे,” ती म्हणाली. “उगाच सोडाव्या लागल्या.”

“आई, नवस?”

“कुठला नवस?”

“मग ते सगळं?”

आईनं दुसरी करंजी उचलली. “प्रत्येक घरी पोहे कुणी केलेत ते मला पहिल्या घासाला कळतं. कुठं आई, कुठं काकू, एका घरी तर शेजारीण. मुलीच्या हातचं मला कुणी खाऊच देत नाही. म्हटलं, आज केलेलं सगळं बाजूला सारू आणि कुणी मधे यायला नको. मग बघू, ती एकटी काय करते.”

“आणि मला का मागं ठेवलंस?”

“तेही बघायचं होतं. अकरा घरी तू पोहे खाल्लेस आणि मला म्हणालास, आई तू ठरव. आज पहिल्यांदा उठलास.” तिनं ओठावरचा चुरा पुसला. “पुढच्या आठवड्यात गेनबांना बोलावून घे.”

“पण तिनं सगळ्यांपुढं सांगून टाकलं ना, मी आत गेलो होतो ते.”

“म्हणूनच,” आई म्हणाली. “जी पोरगी भरल्या घरात अर्धं ताट दुसऱ्याच्या नावावर टाकते, ती आपल्याकडं नांदेल. खा एक.”

मी खाल्ली. चांगली होती. पण माझ्या मुरडीपुढं काही नव्हती.

या गोष्टीला आता त्रेपन्न वर्षं झाली. ती मी किती वेळा सांगितली असेल याचा अंदाज नाही. मुलांना सांगितली, सुनांना सांगितली, दातांच्या डॉक्टरला तोंडात त्याचा हात असताना सांगितली. शेवट माझा ठरलेला असतो: “असा हा मी. आणि जिनं जन्मात एक शब्द खोटा उच्चारला नाही अशी ही. आईनं तिला त्या एका खऱ्या वाक्यावर पसंत केलं आणि मला माझ्या मुरडीवर तारलं.” मथुरा ऐकते. माझ्या गोष्टीतले बाकीचे आकडे ती खाली आणते, अकराचे सहा करते, बावन्नचे शून्य करते. पण मुरडीच्या त्या सहाला तिनं कधी हात लावला नाही.

गेल्या महिन्यात आमची नातसून ऋचा सुट्टीला आली. तिच्याकडं मैद्याच्या तयार पट्ट्या होत्या, दुकानातून थंडगार येतात, कागदासारख्या. “आजोबा, वीस मिनिटांत होतात,” ती म्हणाली. पट्टी कापायची, आत फळ ठेवायचं, दुमडायची, काट्यानं कड दाबायची आणि भट्टीच्या पेटीत सारायची. बाजारात अंजिरं आली होती. मी खुर्ची ओढून जवळ बसलो आणि मुरडीचं महत्त्व समजावून सांगू लागलो.

“या पट्टीला मुरड बसणार नाही आजोबा, तुटते.”

“त्यांना मुरडीशिवाय करवत नाही,” मथुरा म्हणाली. “आण इकडं.”

तिनं एक घेतली. कड आधी बोटानं गच्च दाबली. मग डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या अंगठ्याच्या नखानं त्या दाबलेल्या कडेवर तिरक्या रेघा ओढत गेली. एक, एक, एक. हाताला सवय असल्यासारखी. वीतभर लांबून बघणाऱ्याला वाटावं, घातलेली मुरड आहे.

मी त्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

“मथुरा,” मी म्हणालो. “हे कधी शिकलीस?”

तिचा हात थांबला. आणि बावन्न-त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्यापुढं खाली बघितलं.

“माझ्या सहा,” मी म्हणालो. “त्या दिवशीच्या.”

“फुटल्या.”

“किती?”

“सगळ्या. तुपात सोडल्या आणि मुरड सुटली. कढईत नुसता अंजिराचा गाळ. मी सांगत होते, चिरतीय.”

“मग?”

“मग काय. कढई पुसली, उरल्या पिठाच्या आणि सारणाच्या परत सहा केल्या. दाबून. आणि वर नखानं काढली.” ती पुढची करंजी दाबू लागली. “तुम्ही एवढे खूश होऊन बाहेर गेला होता.”

“गाळ कुठं गेला?”

“म्हशीला घातला.”

ऋचा एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. मी मनातल्या मनात ओसरीवर परत गेलो. सहा मी केल्यात, मुरडीच्या सहा यांनी. भोर तालुक्यात मी ज्या वाक्याची सत्य म्हणून इतकी वर्षं जाहिरात केली, ते माझ्या कुठल्याही थापेपेक्षा सफाईदार निघालं होतं.

“आईला शेवटपर्यंत कळलं नाही म्हणजे,” मी म्हणालो. त्यातल्या त्यात तेवढं तरी.

मथुरा आता मात्र हसली. “पहिल्या दिवाळीलाच विचारलं त्यांनी. मी पीठ मळत होते. शेजारी बसून हळूच म्हणाल्या, राजगिऱ्याला मुरड बसते होय गं? नखानं काढलीस ना? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, त्याला सांगू नकोस. तो फार छान सांगतो.”

आई जाऊन वीस वर्षं झाली. कापूरहोळच्या त्या झाडाखाली ओठावरचा चुरा पुसत ती जे म्हणाली, त्यातला प्रत्येक शब्द मला पाठ होता. अर्थ तेवढा आता कळत होता. मी एक करंजी उचलली आणि कड उजेडाकडं धरली. काम उत्तम होतं.

संध्याकाळी नातू आणि त्याचे दोन मित्र ऋचाला न्यायला आले. ताट समोर आलं. मित्रांतला एक म्हणाला, “आजोबा, याची एक गोष्ट आहे म्हणे.”

ऋचानं माझ्याकडं बघितलं. मी घसा साफ केला. आईनं ताटली दोन बोटांनी सरकवली इथपासून सुरुवात केली. अकरा मुली, बावन्न करंज्या, बागेत गळलेलं अंजीर, काही सोडलं नाही. ओसरीवरच्या शांततेपाशी आलो आणि थांबलो.

“मग?” मित्र म्हणाला. “त्या मुरडीच्या सहा खरंच तुम्हीच केल्या होत्या?”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मथुरा पदराला हात पुसत उभी होती.

“हो,” ती म्हणाली. “त्या यांनीच केल्यात.”